बागेच्या पाण्याचं दार

शेळगावला आमच्या घरामागे अडीच-तीन गुंठ्यांची बाग आहे. बाग म्हणावी इतकी ती काही मोठी नाही. दोन नारळ, एक कागदी लिंबू, एक डाळिंब, शेवगा, कढीपत्ता, मोगऱ्याची चार झाडं आणि न्हाणीच्या सांडपाण्यावर माजलेली केळी. ही सगळी झाडं अब्बांनी लावलेली. कुंपणालगतची मेंदी मात्र अम्मींची. आळीत कुणाच्याही मुलीचं लग्न निघालं की पाला आमच्याकडून जातो, मग त्या घरी मांजा असो की हळद.

आम्ही दोघं नोकरीमुळे बारामतीला राहतो आणि शनिवारी संध्याकाळी गावी येतो. अब्बांच्या इंतकालानंतर अम्मी तिथे एकट्याच असतात. बारामतीला चला म्हटलं की त्या बागेकडे बोट दाखवतात. "यांना पाणी कोण घालणार?" एवढा एकच प्रश्न, आणि त्याचं उत्तर आमच्याकडे कधीच नसायचं.

२०२३ च्या नोव्हेंबरात पाइप ओढता ओढता त्या ओल्या फरशीवर घसरल्या. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. त्या दिवसांत आम्ही आळीतल्या एका मुलाला पाणी घालायला सांगितलं होतं. तो आठवड्यातून दोनदा उगवायचा. मधल्या दिवसांत अम्मी डाव्या हाताने तांब्या-तांब्याने मेंदीला पाणी घालत होत्या, हे आम्हाला शेजारच्या काकूंकडून कळलं. तेव्हाच ठरवलं, की आता पाणी आपोआप जाईल अशी सोय करायची.

आमचे धाकटे भाई, ज्यांना सगळे छोटे म्हणतात, शारजात इमारतींच्या देखभालीचं काम करतात. जानेवारीत ते सुटीवर आले ते बॅगेत अख्खी बाग भिजवायचं सामानच घेऊन. भिंतीवर लावायचा एक कंट्रोलर, म्हणजे पाण्याचं घड्याळ; चार कॉईलचे व्हॉल्व्ह; आणि जमिनीत पुरायचे, पाणी आलं की मान वर काढणारे स्प्रिंकलर. तिकडे म्हणे साध्या घरापुढच्या हिरवळीलाही असंच पाणी मिळतं, पहाटे चार वाजता, कुणी उठायची गरज नाही. अब्बा ज्या वाफ्यात मेथी-कोथिंबीर करायचे, तिथे छोट्यांनी हौसेने मेक्सिकन लॉन लावलं. सुटीत मुलांना खेळायला बरं. अम्मी काही बोलल्या नाहीत. मुलगा वर्षातून एकदा येतो, त्याच्या हौसेपुढे मेथीचा वाफा काय मोठा?

पहिलाच अनुभव गमतीचा होता. व्हॉल्व्ह उघडला, पण स्प्रिंकलर काही मान वर काढेनात. दोन बोटं उठले आणि लहान मुलाने लाळ गाळावी तसं पाणी गाळत बसले. कारण सोपं होतं, पण तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्याकडे पाणी येतं गच्चीवरच्या दोन हजार लिटरच्या टाकीतून. पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ म्हणजे ठिबकवाल्यांच्या भाषेत एक किलो प्रेशर. आमची टाकी जमिनीपासून जेमतेम पाच मीटरवर, म्हणजे अर्धा किलो. त्या स्प्रिंकलरांना दोन किलोच्या आसपास लागतं. छोट्यांनी मग कमी दाबावर चालणारे लहान फवारे आणून बसवले. ते चालले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फवारे बदलले, तसे व्हॉल्व्हही बदलायला हवे होते, हा विचार मात्र कुणाच्याच मनात आला नाही. फेब्रुवारीत छोटे परत गेले.

ते वर्ष कसं होतं हे इंदापूर तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. २०२३ चा पावसाळा कोरडा गेला होता. उजनी धरण उन्हाळ्याआधीच उण्यात गेलं. धरण 'उणे' म्हणजे काय, असं आम्हाला पुण्याची मंडळी विचारतात. उजनीत एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, त्यातलं जवळपास ६३ टीएमसी मृतसाठा. वरचं ५३-५४ टीएमसी ते वापरायचं. ते संपलं आणि खालच्या साठ्याला हात लागला की आकडा उण्यात जातो. त्या वर्षी तो पावसाळ्यापूर्वी उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेला. निरा डाव्या कालव्याच्या आवर्तनाकडे सगळे डोळे लावून बसलेले. आमच्या बोअरची मोटार अर्धा तास चालली की हवा ओढायला लागायची. मग दोन-तीन तास थांबायचं आणि परत लावायची. दोन हजार लिटरची टाकी भरायला अम्मींचा सगळा दिवस जायचा. शेजारच्या काकूंकडे तर बोअरच नाही. त्या नळाच्या पाण्यावर, आणि नळाला पाणी येणार कधी याचा नेम नाही.

रमजान १२ मार्चला सुरू झाला. दुसऱ्या आठवड्यातला शनिवार होता. आम्ही गावी आलो, इफ्तार झाला, तरावीह झाली, झोपलो. सव्वाचारला सेहरीला उठलो तर नळाला फुस्स आवाज. न्हाणीत नाही, स्वयंपाकघरात नाही. गच्चीवर जाऊन टाकीत बॅटरी मारली तर तळ दिसत होता. संध्याकाळी काठोकाठ भरलेली टाकी आम्ही स्वतः पाहिली होती. मोटार लावावी तर थ्री फेज वीज नव्हती. घरात माठभर पाणी, सहा माणसं, सेहरीची भांडी, वुजू.

आमची धावपळ ऐकून काकू उठल्या. काही न विचारता दोन हंडे घेऊन आल्या, आदल्या दिवशी भरून ठेवलेले. "असू द्या, आधी तुमचं खाणंपिणं उरका, उजाडंल आता," म्हणाल्या. अम्मींनी त्यांचा हात धरला. आम्ही त्यांना सोडायला बॅटरी घेऊन दारापर्यंत गेलो, आणि बॅटरीचा उजेड गल्लीत पडला. गल्ली ओली होती. नुसती ओली नाही, आमच्या कुंपणाखालून निघालेला ओघळ काकूंच्या उंबऱ्यापुढून पार वळणापर्यंत गेला होता. काकू क्षणभर थांबल्या. "ह्ये पाणी कुठनं आलं गं?" एवढंच विचारलं. आम्ही दोघांनीही उत्तर दिलं नाही. त्या चिखल चुकवत, लुगडं वर धरून घरी गेल्या.

त्या सेहरीला घास गिळवला नाही. ज्या बाईने आपलं भरलेलं पाणी आणून दिलं, तिच्या दारापुढून आमचं पाणी रात्रभर वाहत होतं. अब्बा असते तर? ते वुजूला लोटा वापरायचे, नळ कधीच नाही. हजरत अनस (रजि.) यांची रिवायत आम्हाला त्यांनीच लहानपणी समजावली होती, की प्रेषित (स.) एका मुद्दभर पाण्यात वुजू करीत. मुद्द म्हणजे ओंजळीचं माप, आपल्या हिशेबाने सुमारे पाऊण लिटर. अब्बांचा तो लोटा अजून न्हाणीत आहे. दुष्काळाच्या वर्षात, रमजानच्या रात्री, त्याच घरातून दोन हजार लिटर पाणी गटारीला गेलं होतं.

"बंद करा ते मशीन," अम्मी म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, "छोट्याला सांगू नका. वाईट वाटेल त्याला."

दुपारी आम्ही वही घेऊन बसलो. नक्की झालं काय? शनिवारी दुपारी चारला वीज गेली होती, साडेपाचला आली. या जातीच्या कंट्रोलरमध्ये वीज नसताना वेळ आणि कार्यक्रम लक्षात राहावा म्हणून नऊ व्होल्टची एक लहान बॅटरी घालायची असते. झाकण उघडलं. बॅटरीची जागा रिकामी. ती घालायची असते हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. वीज आली तेव्हा त्या यंत्राला वाटलं, आत्ताच जन्मलो, रात्रीचे बारा वाजलेत. आम्ही नेमून दिलेली तीन-तीन मिनिटं विसरून ते कारखान्यातून निघताना शिकवलेल्या कार्यक्रमावर गेलं: पहाटे सहाला सुरुवात, प्रत्येक व्हॉल्व्हला दहा मिनिटं. त्याची पहाट आमच्या रात्री साडेअकराला उजाडली. चार व्हॉल्व्ह, दहा-दहा मिनिटं, मिनिटाला आठ लिटर. म्हणजे तीनशेवीस लिटर. इथवर नुकसान झालं असतं, पण सोसण्यासारखं. खरा घात पुढे झाला. चौथा व्हॉल्व्ह, लॉनचा, बंदच झाला नाही. उरलेले सोळाशे-ऐंशी लिटर आठाच्या हिशेबाने साडेतीन तासांत. पावणेचारपर्यंत टाकी रिकामी. हिशेब इतका तंतोतंत जुळला की बघून अंगावर काटा आला.

मग तो व्हॉल्व्ह खोलला. आत काय असतं हे एकदा पाहिलं पाहिजे, म्हणजे दुकानात गेल्यावर कुणी फसवत नाही. मधोमध एक रबरी पडदा असतो. त्याच्या खालून पाणी येतं. पडद्याला सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं, त्यातून थोडं पाणी पडद्याच्या वर जाऊन बसतं आणि वरून दाबून पडदा बंद ठेवतं. म्हणजे दार बंद ठेवायचं काम पाणीच करतं. कॉईलमध्ये वीज आली की ती वरच्या पाण्याला दुसरी वाट मोकळी करून देते, वरचा दाब उतरतो आणि खालचं पाणी पडदा उचलून वाहू लागतं. वीज बंद झाली की ती वाट बुजते, वर पुन्हा पाणी साठतं, पडदा खाली बसतो. मोठी हुशार युक्ती आहे. आमचा मुलगा अकरावीत आहे, त्याने लगेच सांगितलं की नवव्या शतकात बगदादमध्ये बनू मूसा या तीन भावांनी लिहिलेल्या यंत्रांच्या किताबात आपोआप उघडझाप करणाऱ्या झडपा आहेत. ऐकून बरं वाटलं. आमचा व्हॉल्व्ह मात्र त्यामुळे बंद झाला नसता. तो पाण्याच्या दाबावर मिटतो, आणि आमच्या टाकीला दाबच नाही. अर्ध्या किलोवर तो पडदा कसाबसा, रेंगाळत मिटायचा, आणि त्या रात्री बोअरच्या रेतीचा एक कण त्या बारीक भोकात जाऊन बसला होता. वर पाणी भरलंच नाही. दार सताड उघडं.

आमच्याकडे उसाला पाणी द्यायला जाण्याला 'दारं धरायला जाणं' म्हणतात. पाटातून सरीत पाणी सोडायचं ते खोऱ्याने मातीचा बांध फोडून, आणि सरी भरली की तीच माती ओढून तोंड बुजवायचं. ते तोंड म्हणजे दारं. रात्रीच्या पाळीला अब्बा कंदील घेऊन जायचे, नंतर बॅटरी. आम्ही लहानपणी हट्ट करून बरोबर गेलो की फोडायचं काम आम्हाला मिळायचं, बुजवायचं कधीच नाही. "फोडायला पोरगंही चालतं, बुजवायला जाणता लागतो," म्हणायचे. कंट्रोलरवर किती बटणं आहेत, फोनवरून चालतो का, याची आम्ही महिनाभर चर्चा केली होती. दार कसं मिटतं हे कुणी विचारलं नव्हतं.

आणि आपोआप मिटणारी दारं आपल्या मुलखाला नवी नाहीत. निरा डाव्या कालव्याला ज्या भाटघर धरणातून पाणी येतं, त्याला स्वयंचलित दरवाजे आहेत. खडकवासल्याला १९०३ साली विश्वेश्वरय्यांनी बसवलेले दरवाजे पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की आपोआप उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत, वीज नाही, माणूस नाही. निरा कालव्यावर पाणी कुणाला किती आणि कधी, याची गटवार शिस्त लावणारी ब्लॉक पद्धतही त्यांचीच. त्यांनी आधी पाणी पाहिलं असणार, मग दरवाजा.

छोट्यांना सांगायचं नाही असं अम्मी म्हणाल्या होत्या, पण आठ दिवसांनी फोनवर त्यांनीच विचारलं, लॉन कसंय? खोटं बोलवेना. ऐकून ते बराच वेळ गप्प होते. "भाभी, इथे कधी असं झालं नाही हो," म्हणाले. खरंच होतं ते. तिथे पंपाचं तीन किलो प्रेशर आहे, पाणी गाळलेलं आहे, आणि वीज जाते म्हणजे काय हे तिथल्या कंट्रोलरला माहीत नाही. वस्तू वाईट नव्हती. ती दुसऱ्या पाण्यासाठी बनली होती. "तुम्ही नवीन घ्या, पैसे मी पाठवतो," म्हणाले. पैसे नको म्हटलं. त्यावर ते जे म्हणाले ते विसरणं कठीण आहे: "मग मी तिथे नसण्याची भरपाई कशाने करू?"

ईदनंतर बारामतीत ठिबकच्या एका दुकानात गेलो. आधी दोन दुकानांत गेलो होतो. तिथे पहिला प्रश्न 'किती झोन?' आणि दुसरा 'वायफायचा दाखवू का?' इथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने विचारलं, "पाणी कुठनं येतं? किती उंचीवरनं? बोअरचं का नळाचं?" तिथेच बसलो. त्यांनी सांगितलं, आधी घरी जा, पंधरा लिटरची बादली बागेतल्या नळाखाली लावा आणि किती सेकंदात भरते ते मोजून या. आमची पन्नास सेकंदांत भरली, म्हणजे मिनिटाला अठरा लिटर. व्हॉल्व्ह पाइपाच्या जाडीवरून घ्यायचा नसतो, वाहत्या पाण्यावरून घ्यायचा. थोड्या पाण्याला मोठा व्हॉल्व्ह घेतला तर पडद्याचा जातीचा असल्यास तो नीट मिटत नाही. लोक उलट समजतात, की मोठा घेतला की बरं.

टाकीवर बाग भिजवणाऱ्यांनी पडद्याचा व्हॉल्व्ह घेऊच नये, असं त्यांचं मत, आणि आता आमचंही. घ्यायचाच तर किती कमी दाबावर मिटतो ते खोक्यावर वाचून, आणि शून्य दाबावर चालतो असं लिहिलेलं असेल तरच. आम्ही घेतला तो गोळ्याच्या कॉकचा टायमर. आपला साधा बॉल व्हॉल्व्ह असतो ना, तोच, फक्त दांडा फिरवायला आत बारीक मोटार. तो दाबाची वाट पाहत नाही. गोळा फिरला की बंद. रेतीचा कण आला तरी बहुतेक वेळा घासून जातो. त्यालाही खोड आहे. मधेच सेल संपले तर गोळा आहे तिथेच अडकून राहतो, उघडा असेल तर उघडा. म्हणून सेल उतरत आले की स्वतः बंद होऊन बसणारा मागून घ्यावा लागतो. आम्ही दुकानातच जुने सेल घालून पाहिलं. दुकानदार हसले, पण त्यांनीच जुने सेल दिले.

सेलवर चालतो म्हणून विजेची कटकट नाही, जमिनीतली वायर नाही. (छोट्यांच्या वायरीचे जोड नुसत्या चिकटपट्टीचे होते, दोन महिन्यांत हिरवे पडले होते. जोड पुरायचे असतील तर जेल भरलेल्या टोप्याच घालाव्यात.) वायफायच्या कंट्रोलरबद्दल एवढंच सांगतो, की ज्यांच्या घरात वीज आणि नेट दोन्ही अखंड आहे त्यांना तो उपयोगी पडेल, पाऊस आला तर स्वतः थांबतो, परदेशातून बघता येतो. मोठा बंगला असेल तर सगळ्यांच्या आधी एक मुख्य व्हॉल्व्ह आणि पाणी मोजणारा सेन्सर घ्यावा, गळती झाली की सगळंच बंद करतो. आमच्याकडे वीज गेली की नेट जातं, आणि पाऊस आला तर अम्मींना वायफायच्या आधी कळतं.

लॉन काढलं. ते छोट्यांनी स्वतःच सुचवलं. चारशे चौरस फुटांचं लॉन म्हणजे सदतीस चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर; आमच्याकडच्या उन्हाळ्यात रोज सहा मिलिमीटर धरलं तरी दोनशे वीस लिटर. अब्बांच्या लोट्याने मोजलं तर तीनशेच्या आसपास वुजू, रोज, गवतासाठी. तिथे आता परत वाफे आहेत. बाकी झाडांना ठिबक. नारळाला चार-चार ड्रिपर, लिंबाला दोन, मोगऱ्याला एकेक. ड्रिपरवर 'तासाला आठ लिटर' लिहिलेलं असतं, पण ते एक किलो प्रेशरला. आमच्या उंचीवर तासाला साडेपाच पडतं. हे आम्ही तासभर खाली भांडं ठेवून, मापाने मोजलं, आणि मिनिटं त्यावरून ठरवली. चारांऐवजी दोनच भाग केले: नारळ-लिंबू-डाळिंब दोन दिवसांआड बराच वेळ, फुलं आणि मेंदी रोज थोडा वेळ. टायमरच्या आधी १२० मेशची जाळी, आणि तिच्याही आधी हाताचा एक साधा कॉक. यंत्र बिघडलं तर अम्मींना फक्त तो आडवा करायचा.

सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र प्लंबरने केलं, आणि ते सगळ्यात स्वस्तात झालं. बागेसाठी पाचशे लिटरची वेगळी टाकी गच्चीवर ठेवली. ती मोठ्या टाकीवरून आपोआप भरत नाही, मुद्दाम तशी ठेवलेली. बोअरच्या पाइपाला खाली, मोटारीच्या स्टार्टरजवळ, उभ्याने हात पोचेल असा एक कॉक काढला. घरची टाकी भरली, बोअरला अजून पाणी आहे असं वाटलं, तर अम्मी तो उघडतात. टाकी भरली की वरचं पाणी केळीत पडतं, त्याचा आवाज स्वयंपाकघरात येतो, की त्या बंद करतात. ज्या दिवशी बोअर दमलेलं असतं त्या दिवशी बागेला पाणी नाही, टायमर कोरडाच फिरतो. उद्या तो वेडा झाला, कॉक अडकला, सगळंच चुकलं, तरी पाचशे लिटरच्या वर काही जाणार नाही आणि घरातलं पाणी शाबूत राहील. प्लंबर म्हणाला, आपोआप भरायची सोय करून देतो, फक्त एक फ्लोट लागेल. नको म्हटलं.

काकूंना आम्ही त्या रविवारीच जाऊन खरं काय झालं ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या, माझी तुळस तरी भिजली." थट्टा होती की नाही, अजून कळलेलं नाही. आता आमची मोटार चालू असली की अम्मी कुंपणावरून हाक मारतात आणि काकूंचा पाइप आमच्या कॉकला लागतो, आधी त्यांचे हंडे, मग बागेची टाकी. मे महिन्यात काकूंच्या मुलीचं लग्न झालं. उन्हाळा इतका कडक होता की मेंदीच्या खालच्या फांद्या वाळल्या होत्या, पण वरचा पाला हळदीला पुरला.

दर शुक्रवारी जुमाच्या आधी जाळी धुवायची, हे काम अम्मींनी स्वतःकडे घेतलं आहे. आमच्या बोअरचं पाणी जड, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरं जमतं. ते ड्रिपर त्या सिरक्यात बुडवून ठेवतात. टायमरमधले सेल दोन ईदांना बदलायचे असं ठरवलं आहे, म्हणजे तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. आणि तरीही रोज सकाळी त्या तांब्या घेऊन मेंदीपाशी जातात. मेंदीला ड्रिपर आहे, चालू आहे, आम्ही दाखवलं आहे. "मग काय झालं," म्हणतात.

छोट्यांचा कंट्रोलर फेकला नाही. स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीवर तो तसाच आहे, वायरी काढून. आत नऊ व्होल्टची बॅटरी घातली आहे, त्यामुळे वीज जाऊन आली तरी वेळ चुकत नाही. यंदाच्या रमजानमध्ये अम्मी सेहरीला त्याच्यातलीच वेळ बघत होत्या.